वैजयंतीच्या सामानासाठी टो बार

१४ मार्च २००४, रविवार. लेस्टर.

काम सुरू केलं की पहिल्या दिवसापासून नोंद ठेवायची, ही माझी सवय. म्हणून ही वही.

आज जेवताना वैजयंतीला विचारलं, उन्हाळ्यात मोटरसायकलवरून वेल्सला जाऊ या का. गाडी गेल्या सप्टेंबरपासून गॅरेजमध्ये चादरीखाली उभी आहे. अकराशे सीसीची टूरिंग होंडा, मागच्या सीटला आरामखुर्चीसारखी पाठ. रिटायर झाल्यावर दोघांनी फिरायचं म्हणून घेतली होती. रिटायरमेंटला बराच अवकाश होता, पण जानेवारीत आमची फॅक्टरीच बंद झाली. आम्ही मोजे विणायची यंत्रं बनवत होतो. आता मोजेच इथे कुणी विणत नाही. मला त्याचं फार काही वाटलेलं नाही. दुपारी थोडा पडून असतो, एवढंच.

वैजयंती कधीच गाडीवर बसलेली नाही. नाही म्हणेल अशीच अपेक्षा होती. तिनं पोळीचा तुकडा मोडला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आणि माझं सामान कुठं ठेवणार?"

हा प्रश्न इंजिनिअरला विचारण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंच्या पेट्यांत तिचे टॉवेलसुद्धा मावणार नाहीत. उत्तर एकच, ट्रेलर. ट्रेलर आला म्हणजे टो बार आला. रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. चहा बदलला आहे, त्याचा परिणाम असावा.

२१ मार्च, रविवार

आठवडाभर लायब्ररीत वाचन. मोटरसायकलमागे ट्रेलर लावायला कायद्यानं परवानगी आहे. रुंदी एक मीटरच्या आत हवी, भरलेलं वजन गाडीच्या दोन तृतीयांशाच्या आत, आणि काही झालं तरी दीडशे किलोच्या वर नाही. मोटरवेवर ताशी साठ मैलांची मर्यादा.

वैजयंती इस्त्री करत होती, तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, चाळीसनं गेलं तर पोलीस पकडत नाहीत ना? मी म्हटलं, नाही. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. कायद्याची भीती फार आहे तिला.

२८ मार्च, रविवार

आमच्या मॉडेलला तयार टो बार मिळत नाही, असं दुकानदार म्हणाला. मग मीच बनवणार.

टो बार म्हणजे काय ते वैजयंतीला समजावलं. गाडीच्या मागे फ्रेमला घट्ट धरणारं लोखंडी ब्रॅकेट, त्यावर एक गोळा, त्या गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसते. कारला हे सोपं असतं. मोटरसायकल वळणावर कलते आणि ट्रेलर कलत नाही, म्हणून मधला सांधा स्वतःभोवती फिरणारा लागतो. तिला नीट दिसावं म्हणून स्वयंपाकघरातली वाटी आणि रव्याचा लाडू घेऊन प्रात्यक्षिक केलं. तिनं बघून घेतलं, मग लाडू खाल्ला आणि आता कळलं म्हणाली.

१० एप्रिल, शनिवार

पहिलं ब्रॅकेट सायलेन्सरला घासतंय. कापून पुन्हा करायला हवं. दिवस छान गेला.

शेजारची डोरीन कुंपणावरून बघत होती. ती अँब्युलन्स चालवायची, आता घरीच असते. तिची स्वतःची मोटरसायकल आहे, पण कायम चिखलानं भरलेली. न धुतलेली गाडी मला बघवत नाही. तिलाही फिरत्या सांध्याचं महत्त्व सांगितलं. ती "लव्हली" म्हणाली आणि वैजयंतीला विचारू लागली, की दर शनिवारी गार्डन सेंटरला बरोबर येशील का. वैजयंतीला बागेचं काडीचं प्रेम नाही, तरी लगेच हो म्हणाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवडाभर रक्ताच्या बाटल्या बघून कंटाळत असेल.

२४ एप्रिल, शनिवार

दुसरं ब्रॅकेट चपखल बसलं. वेल्डिंग सतीशच्या सेटवर केलं. सतीश म्हणजे इथल्या मराठी मंडळातला माझा मित्र, युनिव्हर्सिटीत विजेची कामं बघतो. टो बारला लोंबकळून बघितलं, मग सतीशला लोंबकळवलं. गाडी करकरली, ब्रॅकेट हललं नाही. ट्रेलरही आला आहे, जुना पण सांगाडा चांगला. निळा रंग दिला.

वैजयंती आणि डोरीन दुपारभर गार्डन सेंटरला होत्या. एकही रोप आणलं नाही.

२९ एप्रिल, गुरुवार

माझ्या हातचं काम संपलं, वायरिंग सतीशच्या सवडीनं. लिहिण्यासारखं काही नाही. पडून होतो.

२ मे, रविवार

वैजयंती सकाळी गॅरेजमध्ये आली. ट्रेलरभोवती फिरली आणि म्हणाली, रंग छान आहे, पण मला जमिनीवर बसता येणार नाही, माझी खुर्ची लागेल. मी घडीची खुर्ची म्हटलं, तर तिला अंगणातली लाकडीच हवी, पाठ दुखते म्हणून. ती झाकणाखाली मावत नाही. म्हणजे झाकण उंच करायला हवं, आणि उंच केलं की वाऱ्याचा विचार आला. बायकांना एका वाक्यात किती काम वाढवता येतं.

दुपारी झाकणाचे आराखडे काढले. जेवायचं राहून गेलं. तिनं ताट गॅरेजमध्येच आणून दिलं.

९ मे, रविवार

अंशुमनचा मँचेस्टरहून फोन. "बाबा, तुझी ट्रेलर झाला का?" मी म्हटलं, तुझा ट्रेलर, आणि झाला नाही. मग झाकणाबद्दल सगळं सांगितलं. पूर्वी हा मुलगा महिन्यातून एकदा फोन करायचा आणि तोही आईशी बोलायला. आता आठवड्यातून दोनदा करतो आणि मलाच मागतो. बँकेत नोकरी करून कंटाळला असावा. एवढ्या उशिरा का होईना, इंजिनिअरिंगची गोडी लागली.

१५ मे, शनिवार

झाकण झालं. खुर्ची मावली. आता पंक्चर किट आणि तंबू धरून सगळं पुरं, असं मी वैजयंतीला सांगितलं आणि अवजारं पुसून पेटीत ठेवली. तिनं पेटीकडे बघितलं. संध्याकाळी म्हणाली की प्रेशर कुकर लागेल, आणि दोन शेगड्या, कारण एकीवर भात होईपर्यंत आमटी निवते. शेगड्या म्हणजे गॅसचा सिलिंडर. सिलिंडर म्हणजे आत पट्टा लावून घट्ट धरणारी बैठक. अवजारं पुन्हा काढली.

मी तिला स्पष्ट सांगितलं की अशा कारणांनी ट्रिप टळणार नाही, प्रत्येक कारणाला माझ्याकडे उत्तर आहे. ती "बघू या" म्हणाली.

२२ मे, शनिवार

सतीशबरोबर वायरिंग. ट्रेलरलाही ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लागतात, त्यासाठी गाडीच्या वायरींतून फाटा काढावा लागतो. आम्ही काढला. डावा इंडिकेटर दिला तर ब्रेकलाइट उघडझाप करू लागला. उजवा दिला तर सगळंच उघडझाप करू लागलं. सतीश म्हणाला, "पुरुषोत्तम, गणपतीत लावू या हा तुझा ट्रेलर, रोषणाईचा खर्च वाचेल." अर्थिंगची वायर रंगावर स्क्रूनं धरली होती. रंग खरवडला, सगळं ठीक झालं. रंग मी दिला होता, वायर त्यानं लावली होती. चूक कुणाची यावर चहा होईपर्यंत चर्चा.

वैजयंती गार्डन सेंटरहून आली तेव्हा केस डोक्याला चप्प बसले होते आणि गाल लाल. नवीन हेअरड्रेसरकडे गेली होती का विचारलं. हो म्हणाली. मी म्हटलं, पैसे परत माग. सतीशला ठसका लागला.

२९ मे, शनिवार

वैजयंतीनं बागकामासाठी जाड पँट घेतली आहे, गुडघ्यांना आतून पॅड असलेली. बागेत अजून काही लावलेलं नाही. डोरीन कुंपणावरून मला म्हणाली, "युवर मिसेस, शी इज अ नॅचरल." मी आमच्या वाफ्यांकडे बघितलं. नुसतं गवत. इंग्रज माणसं शेजाऱ्याचं मन राखायला काहीही बोलतात.

जेवताना वैजयंतीनं विचारलं, वळणावर मागे बसलेल्यानं कुठं बघायचं असतं? मी म्हटलं, चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढं, म्हणजे अंग आपोआप गाडीबरोबर कलतं. ती म्हणाली, "पण डोळे मिटावेसे वाटले तर?" मी म्हटलं, तो प्रश्न प्रत्यक्ष बसल्यावर येईल. आत्ता नुसती थिअरी.

५ जून, शनिवार

तिच्यासाठी हेल्मेट घेतलं. दुकानातल्या मुलानं डोकं मोजायला टेप काढली, तर हिनं आधीच सांगितलं, मीडियम, आणि हनुवटीचा पट्टा दोन कड्यांचा हवा, क्लिपचा नको. टोप्यांच्या बाबतीत बायकांचा अंदाज उपजत असतो.

१२ जून, शनिवार

नीट लिहितो.

सगळं सामान भरून एकटा चाचणीला निघालो. मार्केट हार्बरोच्या रस्त्यानं. तंबू, खुर्ची, सिलिंडर, कुकर, पाण्याचा कॅन. शहरात गाडी लोण्यासारखी चालली. पुढं लांब उतार लागला, पन्नासच्या आत होतो, तेव्हा मागून हलका धक्का जाणवला. मग दुसऱ्या बाजूनं. आरशात बघितलं तर ट्रेलर डावीउजवीकडे डुलत होता, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. गाडीचं मागचं चाक त्याच्याबरोबर ओढलं जात होतं. ब्रेक दाबायचा नाही एवढं आठवलं. हँडल घट्ट धरून ठेवलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि समोरून येणारी लॉरी जवळ येताना बघत राहिलो. लॉरी गेली. गाडी हळू झाली, ट्रेलर गप्प झाला. मी कडेच्या गवतात जाऊन थांबलो.

काही मोडलं नाही, लागलं नाही. गवतात बसून होतो. मागच्या सीटवर वैजयंती असती तर, एवढाच विचार पुन्हा पुन्हा येत होता.

सायकलच्या वेगानं घरी आलो. तिनं विचारलं, कशी झाली चाचणी? मी म्हटलं, ठीक. तिनं माझ्या पँटला लागलेलं गवत झटकलं.

१३ जून, रविवार

टो बार काढला. ब्रॅकेट, गोळा, वायर, सगळं. खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. जाहिरात देऊन गाडीही विकून टाकावी.

१९ जून, शनिवार

काही नाही. अंशुमनचा फोन आला, झोपलोय म्हणून सांगायला लावलं.

वैजयंती आज गार्डन सेंटरला गेली नाही.

२१ जून, सोमवार

आज वैजयंतीनं रजा घेतली होती, मला माहीत नव्हतं. सकाळी खाली आलो तर टो बारचं खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एवढं जड खोकं तिनं माळ्यावरून एकटीनं कसं उतरवलं कोण जाणे. ग्रीसचा डाग टेबलक्लॉथला लागला होता आणि ती त्याबद्दल काही म्हणाली नाही, यावरूनच मी सावध झालो.

मग मी उताराचं सगळं सांगितलं. लॉरीचंसुद्धा. आणि म्हटलं की आता हा विषय बंद, तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं.

तिनं ऐकून घेतलं. चहाचा कप माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाली, "अहो, फॅक्टरी बंद झाली तेव्हापासून तुम्ही माझ्याशी जे काही बोललात ना, ते या टो बारबद्दल. टो बारच्या आधी दोन महिने तुम्ही चहा हवा का विचारलं तरी नुसती मान हलवत होतात. मी लॅबमधून दुपारी घरी फोन करायची, तुम्ही उचलता का बघायला."

मी म्हटलं, फोन तर यायचा आणि कुणी बोलायचं नाही. मला वाटायचं राँग नंबर.

"मीच होते," ती म्हणाली. "तुम्ही हॅलो म्हणालात की ठेवून द्यायची."

ती खोक्याचं झाकण उघडून आतला गोळा पुसायला लागली, ताटं पुसायच्या फडक्यानं. म्हणाली, "तुम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा मान हलवायला लागलात. कुठं चुकलं ते शोधा. तुम्हाला सापडेल. आणि मी येणार आहे मागे बसून, सामान असो की नसो."

तिला टो बारमध्ये इतका रस निर्माण झाला असेल याची मला कल्पना नव्हती. गोळ्याला मात्र असलं फडकं वापरायचं नसतं, धागे अडकतात. ते मी नंतर कधीतरी सांगेन.

२६ जून, शनिवार

सापडलं. ब्रॅकेटचा दोष नाही, सांध्याचा नाही. दोष भरण्याचा. पोचल्यावर पटकन हाताशी यावं म्हणून कुकर, सिलिंडर आणि पाण्याचा कॅन मी ट्रेलरच्या अगदी मागे ठेवला होता. त्यामुळे ट्रेलरचं तोंड हलकं झालं, टो बारवर भारच नव्हता, उलट तो वर उचलला जात होता. अशा ट्रेलरला उतारावर शेपटी हलवायची बुद्धी होणारच.

जड सामान चाकांच्या पुढं आणलं आणि तोंडाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून भार मोजला. बाथरूममध्ये काटा दिसेना म्हणून वैजयंती गॅरेजमध्ये आली आणि विचारू लागली, वाढलं का हो वजन, की डाएट चालू आहे? थोडं सामान मागे सरकवलं, पुढं आणलं, हवा तेवढा भार मिळाला. तिनं खडूनं ट्रेलरच्या तळावर चौकोन आखून प्रत्येकात नावं लिहिली. कुकर, गॅस, पाणी, खुर्ची. पाठदुखी असणाऱ्या बाईच्या मानानं बराच वेळ वाकली होती.

४ जुलै, रविवार

त्याच रस्त्यावर, त्याच उतारावर. आधी चाळीसनं, मग पन्नासनं. ट्रेलर मागून आल्याचं कळलंसुद्धा नाही. उताराच्या तळाशी थांबून मुद्दाम वळून बघितलं, आहे ना म्हणून. मग पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरलो.

घरी फोन करून सांगितलं. तिकडून डोरीनचाही आवाज येत होता. दोघी हसत होत्या.

३१ जुलै, शनिवार. वेल्शपूल.

निघालो.

सकाळी सतीश आणि डोरीन फाटकाशी उभे. वैजयंती मागे बसण्याची मला धास्ती होती. पहिल्यांदा बसणारा माणूस लाथ मारून पेटी तोडतो, वळणावर विरुद्ध बाजूला कलतो, ब्रेक लागला की हेल्मेटवर हेल्मेट आपटतो. काय करायचं आणि काय नाही, हे तिला समजावणार होतो. त्याआधीच ती डाव्या फूटरेस्टवर पाय ठेवून, माझ्या खांद्यावर हात टेकून, अलगद बसली आणि पाठीवर दोन थापा मारल्या, म्हणजे चला. डोरीननं टाळ्या वाजवल्या.

दिवसभरात एकदाही तोल गेला नाही. वळणं आली की आम्ही दोघं एका अंगानं कलत होतो, ब्रेकला ती हातांनी स्वतःला सावरत होती. पेट्रोल भरायला थांबल्यावर मी तिला म्हटलं, बघ, टो बार नीट बसला की मागच्या माणसाला काही शिकावंच लागत नाही, गाडीच शिकवते. ती म्हणाली, "हो ना. मला तर काही कळलंच नाही."

सतीशला फोन करून हेच सांगितलं. त्याला पुन्हा ठसका लागला होता. त्यानं डॉक्टरला दाखवायला हवं.

१ ऑगस्ट, रविवार. बारमथ.

समुद्राकाठी तंबू लावला आहे. वैजयंती तिच्या लाकडी खुर्चीत बसली आहे. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं येऊन टो बार बघून गेली. एकाला मी फिरता सांधा समजावत होतो, तर दुसऱ्याला ती टो बारवर भार किती हवा ते सांगत होती, खालच्या आवाजात, मला ऐकू येऊ नये अशा बेतानं. बरोबर सांगत होती.

दुपारचं लिहायचं आहे. डोल्गेथ्लायच्या अलीकडे घाट आहे. दोन्ही बाजूंना उघडे हिरवे डोंगर, मेंढ्या, आणि उतारावर एकच लांब, पसरट वळण, एखाद्या विळ्यासारखं. ढग होते पण रस्ता कोरडा होता. चाळीसनं आत शिरलो. गाडी कलली, वैजयंती कलली, ट्रेलर मागून सरळ उभा, आणि खाली सगळं खोरं हळूहळू फिरत गेलं.

वळण संपताच तिनं माझ्या खांद्यावर थापा मारायला सुरुवात केली. मला वाटलं घाबरली. पुढच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, झालं, पुढं सपाट आहे, आता भीती नाही.

तिनं हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं होतं.

"ते वळण परत घ्या ना," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की ट्रेलर लावून असं मागं फिरता येत नाही. रिव्हर्स घेता येत नाही, ढकलावं तर सामान जड, वळायला पटांगणाएवढी जागा लागते. ती ऐकत राहिली, काच वर ठेवूनच. मग आम्ही खालच्या गावापर्यंत गेलो, एका पबच्या कार पार्कला चक्कर मारली, पुन्हा घाट चढलो, वर मेंढ्यांच्या फाटकाशी वळलो आणि ते वळण पुन्हा घेतलं. या वेळी ती काहीतरी ओरडत होती, वाऱ्यात शब्द कळले नाहीत.

खाली पबशी पोचल्यावर ती उतरायला लागली. मी म्हटलं, बसून राहा, अजून एकदा जाऊ.